शेताच्या बांधावर जीपीएस : वार्षिक शुल्काविना यंत्र निवडताना

जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जाफराबाद तालुक्यातून नोकरी-व्यवसायानिमित्त पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगर येथे स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांची वडिलोपार्जित जमीन अद्याप गावी आहे. सातबारा उताऱ्यावर नाव असते, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये नोंदलेले असते. मात्र ते क्षेत्र प्रत्यक्ष जमिनीवर कोठून कोठपर्यंत पसरले आहे, हे ठाऊक असलेली पिढी हळूहळू कमी होत चालली आहे. जमीन बटईने देताना, भावाभावांत वाटणी करताना किंवा विक्रीची बोलणी सुरू झाली, की हा प्रश्न एकाएकी समोर उभा राहतो. अशा वेळी हातात मावणारे जीपीएस यंत्र घेऊन आपल्या शेताला एक फेरी मारावी, असा विचार सहज मनात येतो. दुकानात गेल्यावर मात्र दुसराच प्रश्न पुढे येतो. काही यंत्रे एकदा पैसे मोजून कायमची वापरता येतात, तर काहींसाठी दर महिन्याला किंवा दर वर्षाला शुल्क भरावे लागते. हे शुल्क नेमके कशाचे असते आणि ते टाळले तर काय गमवावे लागते, हे समजून घेतल्याखेरीज निवड करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

पहिली गोष्ट अशी, की आकाशातून येणाऱ्या जीपीएस संकेताला कोणतेही शुल्क नाही. अमेरिकेची ही उपग्रह यंत्रणा सामान्य नागरिकांना विनामूल्य उपलब्ध आहे. पूर्वी नागरी संकेतात हेतुपुरस्सर दोष मिसळला जात असे आणि त्यामुळे स्थाननिश्चितीत सुमारे १०० मीटरपर्यंत चूक येत असे. २ मे २००० रोजी तो दोष काढून टाकण्यात आला आणि हातातली यंत्रे एका रात्रीत उपयोगी ठरली. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बेइदू या यंत्रणांचे संकेतही विनामूल्य मिळतात. यंत्र केवळ संकेत ऐकते, स्वतः काही पाठवत नाही. त्यामुळे त्याला ना सिमकार्ड लागते, ना इंटरनेट. केळना नदीच्या काठावर मोबाइलला रेंज नसली, तरी आपण कोठे उभे आहोत हे यंत्राला कळत असते.

मग शुल्क येते कोठून? ते तीन वाटांनी येते : नकाशांसाठी, संदेशवहनासाठी आणि चूक दुरुस्त करणाऱ्या सेवेसाठी. पहिल्या दोन बाबी शेतमालकाला सहसा अनावश्यक असतात. तिसरी मात्र अत्यंत महत्त्वाची आहे आणि नेमके तिच्याविषयीच दुकानात कमी बोलले जाते.

नकाशांच्या शुल्काचा वाद सर्वांत ठळकपणे गाजला तो गोल्फच्या मैदानावर. चेंडू पडला त्या जागेपासून हिरवळीचा अलीकडचा काठ, मध्य आणि पलीकडचा काठ किती अंतरावर आहे, हे सांगणारी छोटी जीपीएस यंत्रे गोल्फपटू वापरतात. स्कायकॅडी या कंपनीने मैदाने प्रत्यक्ष पायी मोजून नकाशे तयार केले आणि ते वापरण्यासाठी वार्षिक सभासदत्व ठेवले. पुढे गार्मिनने २००९ मध्ये आणलेल्या अ‍ॅप्रोच जी-५ सारख्या यंत्रांत हजारो मैदानांचे नकाशे आधीच भरून दिले आणि वर्गणी ठेवली नाही. ग्राहकांनी साहजिकच हिशेब मांडला : चार-पाच वर्षांची वर्गणी म्हणजे जवळपास नवे यंत्र. गोल्फच्या नियमांनीही २०१९ पासून अंतर मोजणाऱ्या साधनांना सर्वसाधारण मुभा दिली. चेंबूरच्या किंवा येरवड्याच्या मैदानावर खेळणाऱ्याला वर्गणीविना यंत्र पूर्णपणे पुरते, कारण एका काठीच्या टप्प्यात आणि दुसरीच्या टप्प्यात दहा-पंधरा यार्डांचे अंतर असते. यंत्राने तीन मीटरची चूक केली, तरी खेळाडूची काठी बदलत नाही.

शेताचे गणित याच जागी वेगळे होते.

तीन मीटर म्हणजे किती गुंठे?

मोकळ्या आकाशाखाली चांगले हस्तजीपीएस साधारण तीन मीटरच्या आसपास अचूक असते. अमेरिकी शासनाच्या जीपीएसविषयक माहितीत स्मार्टफोनसाठी सुमारे ४.९ मीटर त्रिज्येचा आकडा दिलेला आहे. वाचताना हे आकडे क्षुल्लक वाटतात. ते जमिनीवर मांडून पाहावेत.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच सुमारे ४,०४७ चौरस मीटर. असे चौकोनी शेत घेतले, तर त्याची एक बाजू साधारण ६३.६ मीटर भरते. एकच बाजू यंत्राने तीन मीटर बाहेर दाखवली, तर सुमारे १९१ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे अधिक दिसतात; चूक पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. तेच शेत दहा एकरांचे असेल, तर बाजू २०१ मीटरची होते. तीन मीटरच्या चुकीने सहा गुंठ्यांचा फरक पडतो, पण तो दीड टक्काच असतो. शेत जितके मोठे, तितके यंत्र अधिक विश्वासार्ह, असा हा सरळ हिशेब आहे.

परंतु दोन पिढ्यांच्या वाटण्यांनंतर चौकोनी शेते उरतात किती? प्रत्येक भावाला रस्ता आणि विहीर या दोन्ही बाजू मिळाव्यात, म्हणून जमिनीच्या लांबलचक पट्ट्या पाडण्याची रीत आहे. २० मीटर रुंद आणि २०२ मीटर लांब अशी एक एकराची पट्टी घेतली आणि तिची लांब बाजू तीन मीटर सरकली, तर सहा गुंठ्यांचा फरक पडतो. एकरात सहा गुंठे म्हणजे पंधरा टक्के. विक्रीचा भाव गुंठ्यावर ठरत असेल, तर यंत्रावरील एका आकड्याने दोन भावांत कायमचा अबोला धरला जाऊ शकतो, आणि तोही कोणी कोणाची जमीन घेतलेली नसताना.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. पंधरा-वीस मिनिटांत शेताला फेरी पूर्ण केली, तर वातावरणामुळे आणि उपग्रहांमुळे येणारी चूक सर्व कोपऱ्यांवर बरीचशी सारखी असते. सारे शेत एकाच दिशेला थोडे सरकलेले दिसते, पण आकार फारसा बदलत नाही. त्यामुळे हस्तजीपीएसने काढलेले क्षेत्रफळ अनेकदा अपेक्षेपेक्षा बरे येते. बांधाची जागा मात्र या यंत्राने ठरत नाही. मीटर-दीड मीटर रुंदीचा बांध शेजाऱ्याने कोरला आहे की नाही, हे तीन मीटरची चूक करणाऱ्या साधनाने सांगणे अशक्य आहे. आज घेतलेला कोपरा पुढच्या महिन्यात तेच यंत्र दोन मीटर पलीकडे दाखवील, आणि दोन्ही वेळी यंत्र बिघडलेले नसेल.

शुल्क कशाचे आणि कोणाला

या चुकीवर उपाय आहे, आणि वर्गणीला खरा अर्थ येतो तो येथेच. ज्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आधीच अचूक ठाऊक आहेत, तेथे एक स्थिर केंद्र उभारले जाते. उपग्रहांच्या संकेतात क्षणोक्षणी किती चूक आहे, हे त्या केंद्राला कळते आणि ती दुरुस्ती मोबाइल इंटरनेटद्वारे शेतात उभ्या असलेल्या यंत्राला पाठवली जाते. या रीतीने चूक काही सेंटिमीटरवर येते. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी ७७ अखंड कार्यरत केंद्रे उभारली असून ती 'कॉर्स' या नावाने ओळखली जातात. भूमी अभिलेख विभागाचे भूकरमापक काठीवर बसवलेले 'रोव्हर' घेऊन येतात, ते याच केंद्रांच्या आधारे काम करते. रोव्हरची किंमत लाखांत जाते आणि खासगी वापरासाठी दुरुस्तीची सेवा शुल्क भरून घ्यावी लागते. आयुष्यात एक-दोनदा शेत मोजणाऱ्याने हा खर्च करण्यात अर्थ नाही. शिवाय स्वतः रोव्हर आणून मोजले, तरी त्या मोजणीला शासकीय मोजणीचे स्थान मिळत नाही.

विनामूल्य दुरुस्तीचाही एक मार्ग आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभारलेली 'गगन' ही यंत्रणा विमानांसाठी असली, तरी तिचा संकेत भूस्थिर उपग्रहांवरून सर्वांना मिळतो. यंत्राच्या माहितीपत्रकात गगन किंवा एसबीएएस असा उल्लेख आहे का, ते पाहावे. पुष्कळ यंत्रांत या सोयीला 'वास' किंवा 'एग्नॉस' या परदेशी यंत्रणांचे नाव दिलेले असते आणि बॅटरी वाचवण्यासाठी ती बंद ठेवलेली असते. ती चालू करून घ्यावी. सेंटिमीटरची अचूकता तिने येत नाही. स्थाननिश्चिती थोडी स्थिर होते, एवढेच.

भारताच्या स्वतःच्या 'नाविक' यंत्रणेची पाटी पाहून कोणी अधिक पैसे मोजू नयेत. या यंत्रणेच्या काही उपग्रहांतील आण्विक घड्याळे बंद पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ हा उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. इतर यंत्रणांच्या जोडीला नाविक असेल तर उत्तमच, पण तेवढ्यावर निवड ठरू नये.

निवडीचे निकष

बाजारात ढोबळमानाने तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे खिशातला मोबाइल. क्षेत्र मोजणारी अनेक अ‍ॅप विनामूल्य मिळतात. मात्र मोजलेला नकाशा बाहेर काढायचा किंवा जाहिराती नको असतील, तर तीच अ‍ॅप वर्गणी मागतात. स्मार्टफोनमध्ये दोन वारंवारिता ऐकणारा जीपीएस असल्यास निकाल बराच सुधारतो. ज्याला केवळ 'आपले शेत साधारण एवढे' हे पाहायचे आहे, त्याने वेगळे यंत्र विकत घेण्याची गरज नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरा पर्याय एकर मोजणाऱ्या खास यंत्रांचा. ट्रॅक्टरची पाळी किंवा हार्वेस्टरची कापणी एकराच्या दराने ठरते, तेथे ही यंत्रे उपयोगी पडतात. शेताला फेरी मारली, की क्षेत्र आणि दर भरलेला असल्यास रक्कमही पडद्यावर येते. वर्गणी नसते. घेताना एककाकडे मात्र लक्ष हवे. यातील बरीच यंत्रे चीनमधून येतात आणि त्यांत 'मू' हे चिनी एकक असते. एक मू म्हणजे सुमारे ६६७ चौरस मीटर, जेमतेम साडेसहा गुंठे. एककाची निवड चुकली, तर आकडा पाहून मालक हरखून जाईल किंवा धास्तावेल.

तिसरा पर्याय म्हणजे गिर्यारोहक वापरतात ते दणकट हस्तजीपीएस. गार्मिनची ईट्रेक्स मालिका हे त्याचे परिचित उदाहरण. जमिनीची नोंद जपून ठेवायची असेल, तर या वर्गाकडे वळावे. त्यात पाहायच्या गोष्टी अशा. क्षेत्र मोजण्याची सोय हवी. एकाच जागी दोन-तीन मिनिटे उभे राहून अनेक नोंदींची सरासरी काढण्याची सोय हवी. कोपऱ्यासाठी ती फार मोलाची आहे. जीपीएसखेरीज आणखी एक-दोन उपग्रह यंत्रणा ऐकता आल्या पाहिजेत. नोंदलेली फेरी संगणकावर उतरवता आली पाहिजे. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र असेल, तर तालुक्याच्या कोणत्याही दुकानातून सेल घेऊन काम पुढे नेता येते; आत बसवलेली बॅटरी दोन वर्षे कपाटात पडून राहिली, की तिचा भरवसा उरत नाही.

नकाशांसाठी वर्षाला पैसे भरण्याचा मोह टाळावा. परदेशातील डोंगरवाटांचे तपशील आणि उपग्रह छायाचित्रे यांसाठी असलेल्या या योजनांत जाफराबादच्या गटांच्या हद्दी नसतात. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले विनामूल्य नकाशे नकाशा चढवता येणाऱ्या यंत्रांवर घालता येतात आणि ते पुरेसे असतात. गटाचा नकाशा राज्याच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर पाहता येतो. तो जुन्या ग्रामनकाशांवरून संगणकात आणलेला असल्यामुळे उपग्रह छायाचित्रावर तो थोडा तिरका बसलेला दिसला, तर लगेच शेजाऱ्यावर संशय घेण्याचे कारण नाही.

उपग्रहाद्वारे संदेश पाठवणाऱ्या यंत्रांविषयी विशेष सावधगिरी हवी. अमेरिकेतील मुलाने किंवा पुतण्याने भेट म्हणून जीपीएस आणण्याचा प्रसंग अनेक घरांत येतो. गार्मिनच्या 'इनरीच' प्रकारातील यंत्रे दिसायला साध्या जीपीएससारखीच असतात, त्यांना मासिक शुल्क असते, आणि भारतात परवान्याविना अशी उपग्रह संदेशवहन साधने बाळगणे बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन महिला प्रवाशाच्या सामानात असे यंत्र सापडल्याने तिच्यावर कारवाई झाली होती. केवळ संकेत ग्रहण करणाऱ्या यंत्राला ही अडचण नाही. भेट पाठवणाऱ्याला हा फरक आधीच कळवलेला बरा.

फेरी मारण्यापूर्वी

यंत्र हाती आल्यावर दोन गोष्टी आधी तपासाव्यात. आधार म्हणून 'डब्ल्यूजीएस ८४' निवडलेले असावे. भारतीय सर्वेक्षणाचे जुने नकाशे एव्हरेस्ट या वेगळ्या आधारावर आहेत. यंत्रात चुकून तो निवडला, तर क्षेत्रफळ बदलत नाही, पण जागा काहीशे मीटर सरकते. दुसरी गोष्ट अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतीची. जाफराबादचा अक्षांश साधारण २०.१९ अंश उत्तर आहे. हाच आकडा कोणी '२० अंश १९ मिनिटे' असा भरला, तर ठिकाण सुमारे १४ किलोमीटर उत्तरेला जाते. फोनवरून आकडे सांगताना हा घोटाळा हमखास होतो.

मोजणीस उत्तम काळ रब्बीचे पीक निघाल्यापासून जूनच्या पेरणीपर्यंतचा. कापूस, मका, तूर उभी असताना बांध दिसत नाहीत आणि त्यांवरून सरळ चालताही येत नाही. मोठ्या आंब्याखाली किंवा खोल ओढ्यात उभे राहिल्यास संकेत अडतो. तसा कोपरा असेल तर थोडे बाजूला सरकून नोंद घ्यावी आणि राहिलेले अंतर टेपने मोजावे. यंत्र सुरू केल्यावर मोकळ्यावर काही मिनिटे थांबावे. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांची माहिती नव्याने गोळा करावी लागते. एकच फेरी घेऊन थांबू नये. तीन फेऱ्या, त्यातली एक उलट दिशेने आणि शक्य झाल्यास एक दुसऱ्या दिवशी, अशा घेतल्या म्हणजे आकड्यांतला चढउतार स्वतःच दिसून येतो, आणि त्यावर किती विसंबायचे तेही कळते.

नंतर कागदाशी ताळा. सातबारावरील एकूण क्षेत्रात पोटखराबाही धरलेला असतो. लागवडीयोग्य क्षेत्राशी यंत्राचा आकडा ताडून गोंधळ करू नये. नोंदीतले क्षेत्र सपाटीवरचे धरलेले असते आणि जीपीएसही तसेच मोजते. उताराच्या जमिनीवर टेप टाकून मोजले, तर आकडा थोडा जास्त भरतो. तेवढ्यावरून कोणाला खोटे ठरवता येत नाही. जाफराबाद १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर पूर्वेला लागून असलेला बुलडाणा जिल्ह्याचा चिखली-देऊळगाव राजा हा भाग वऱ्हाडात. त्यामुळे एकाच कुटुंबाची जमीन दोन्ही बाजूंना असेल, तर जुन्या कागदांची परंपराही दोन प्रकारची निघते. मराठवाड्यात खासरा पत्रक आणि पहाणी पत्रक यांचे महत्त्व आजही मानले जाते. त्यांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते. तीन एकर वीस गुंठे म्हणजे आजच्या भाषेत एक हेक्टर साडेएकेचाळीस आरहून किंचित जास्त, हे रूपांतर हाताशी असावे.

यंत्राचा आकडा आणि उतारा यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक असेल, तर तो यंत्राच्या मर्यादेत बसतो. दहा एकरांत एक एकर कमी दिसत असेल, तर मात्र शासकीय मोजणीचा अर्ज करावा. हा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयाकडे ई-मोजणी प्रणालीतून करता येतो. पूर्वीच्या साधी, तातडी, अतितातडी अशा प्रकारांऐवजी २०२४ च्या अखेरीपासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार ठेवण्यात आले आहेत. बांधाचा वाद असेल तर 'हद्द कायम', भावांतील वाटणी असेल तर 'पोटहिस्सा' मोजणी मागावी लागते. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, मोजणी त्यांच्यासमोर होते, आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. घरच्या जीपीएसने काढलेल्या आकड्यामागे ही नोटीस आणि ही हजेरी नसते. त्या आकड्यावर विसंबून बांध हलवणाऱ्याला म्हणूनच काही आधार उरत नाही.

वर्गणीविना घेतलेले यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते या मोजणीनंतर. रोव्हरने केलेल्या मोजणीच्या नव्या नकाशांत कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मिळतात. ते हस्तजीपीएसमध्ये भरून ठेवले, की पाच वर्षांनी गवतात किंवा नांगरटीत हरवलेला हद्दीचा दगड चार पावलांच्या परिघात शोधता येतो. पुढचे काम कुदळीचे. भरलेल्या नोंदींना गट क्रमांक आणि मोजणीची तारीख यांवरून नाव द्यावे, आणि त्या फाइलची एक प्रत गावी शेत कसणाऱ्या भावाकडेही ठेवावी.